दुपारचा पहारा

चाकणच्या एका कंपनीत मी नव्या कामगारांना पोका-योके शिकवायचो. म्हणजे मशीनवर सुटा भाग उलटा बसवायचा म्हटलं तरी बसू नये, अशी सोय करायची. माणूस चुकणारच, त्याच्यावर ओरडू नका, हे माझं ठरलेलं वाक्य.

महाळुंग्याजवळ माझी गाडी घसरली तेव्हा हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं. मेंदूला मार बसला. दोन महिन्यांत टाके, सूज, सगळं गेलं आणि भेटायला येणारे म्हणू लागले, "ठणठणीत दिसताय राव." दिसत होतोच. पण कुकरची शिट्टी झाली की डोकं उठायचं. दोघं एकदम बोलले तर एकाचंही कळायचं नाही. हातातलं काम टाकून उठलो की ते डोक्यातून पुसलंच जायचं. राग मात्र पूर्वीपेक्षा लवकर यायचा. डॉक्टर म्हणाले, हे सगळं त्या माराचंच आहे, वेळ लागेल. मला वाटायचं, डॉक्टर काहीही बोलतात.

बायकोने नोकरी धरली. दुपारी मोशीच्या घरात मी आणि चार वर्षांची लेक. तिला सांभाळणं एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं, आणि ते मला कुणालाही द्यायचं नव्हतं.

खाली राहणाऱ्या घरमालकीणकाकू रोज दुपारी टपकायच्या. कधी विरजण मागायला, कधी कढीपत्ता. वर तासभर बसायच्या. एकदा मी वैतागून विचारलं, "काकू, तुमच्याकडे दही लागतच नाही का?"

"लागतंय की," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकूनं सांगितलंय म्हनून येती."

संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. मी काय वेडा आहे, माझ्यावर पहारा बसवलास? बायको हळूच म्हणाली, "बरं. उद्यापासून नको म्हणते त्यांना." ती घाबरली होती. मला तेव्हा फक्त आपण जिंकलो असं वाटलं.

चौथ्या दिवशी मी लेकीसाठी दूध तापत ठेवलं आणि गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेलो. लेक खोकत, रडत माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, पातेलं काळंठिक्कर. गॅस बंद केला आणि मी तिच्यावरच ओरडलो, "आधी सांगता येत नाही?" ती रडायचीही थांबली. मला माझीच लाज वाटली.

तिला कडेवर घेऊन खाली गेलो. काकूंना म्हणालो, "उद्यापासून परत या."

"पोरीकडं बघायला व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे."