फोन बंद ठेवून केलेली म्हसवड-पलूसची सहल

फोन बंद करून दोन दिवस भटका, हा सल्ला याच ब्लॉगवर मी किती मिरवत दिलाय! या वेळी तो अंगलट आला, आणि माझ्या नाही, प्रणालीच्या. प्रणाली म्हणजे पलूसच्या माझ्या मावसबहिणीची, सुनंदाताईची मुलगी. बारावी झाली, नर्सिंगला जायचं होतं. घरात मोबाईल एकच, तोही दाजींबरोबर ट्रकवर फिरणारा. म्हणून ऑनलाइन अर्जात "माझाच नंबर टाक गं, मी आहे ना," असं मीच सांगितलं होतं. आणि विसरूनही गेले होते.

गुरुवारी सकाळी स्वारगेटला फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फारशी चाट नाही. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, गाडी बदलली. दहिवडीच्या पुढे नुसता उघडा माळ, बघत बसावं असा. म्हसवडचा लॉज साधा पण स्वच्छ. रात्री बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा आणि ठेचा. आहाहा!

शुक्रवारी सकाळी सिद्धनाथाचं दर्शन झालं. लवकर जा, गर्दी नसते. बाहेर चहा पिताना शेजारचे आजोबा म्हणाले, "फोन बिघडलाय व्हय?"

"नाही हो, मुद्दाम बंद ठेवलाय. डोक्याला शांतता."

"लय भारी! आमी रेंजसाठी टेकाड चढतुया, आन तुमी बंद ठिवताय!"

दोघंही हसलो. तेव्हा मला काही टोचलं नाही, याची आता लाज वाटते. विट्याची गाडी लागली होती, तीही मी मुद्दाम सोडली. कसली घाई होती मला! दुपारची पकडून, विट्यात बदलून पलूसला पोचले तेव्हा साडेसहा झाले होते.

सुनंदाताई दारातच उभी. "कालपास्नं शेजारच्या फोनवरनं लावतिया तुला. हुतीस कुटं?"

गुरुवारी यादी लागली होती. प्रणालीला सांगलीत, सरकारी कॉलेजात जागा मिळाली होती. ती जागा हवी आहे असं शुक्रवारी पाचच्या आत ऑनलाइन कळवायचं, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी येणार माझ्या फोनवर. पोरगी सकाळपासून सेवा केंद्रात बसून होती. केंद्रवाला बिचारा दर वेळी "परत पाठवू का?" विचारत राहिला. पाचला मुदत संपली, जागा गेली.

फोन चालू केला. धडाधड नऊ ओटीपी आले. एकेकाचं आयुष्य दहा मिनिटांचं.

"मला चार शिव्या तरी घाल गं," मी म्हटलं.

प्रणाली ताट वाढत होती. "हात धू मावशी. तुला काय म्हाईत!"

माहीत कसं नव्हतं? नंबर मीच दिला होता.

पुढच्या फेरीत लांबचं खाजगी कॉलेज मिळालं, ते त्यांना झेपणारं नव्हतं. पोरीचं वर्ष गेलं.

पुण्याला आल्यावर माझा जुना फोन नव्या सिमसकट तिला पाठवला. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय! परवा फोनवर बोलत अर्जाच्या तिच्या खात्यावर तिचा नंबर घालायला बसलो, तर त्यासाठीचा ओटीपीसुद्धा माझ्याकडेच आला. मी सहा आकडे दोनदा वाचून दाखवले.

"झालं बघ मावशी," ती म्हणाली. "आता तू निवांत फीर. फोन बंद ठिवलास तरी चालतंय."

मनापासून म्हणाली. टोमणा असता तर बरं झालं असतं.