जाहीर झाल्यावर

मी शेजारणीच्या बहिणीला 'थांब' म्हणलं. हे आधीच सांगून टाकते. मागून कळलं तर वाटायचं म्हातारीनं लपवलं.

लेकीकडं शुगर लँडला येऊन मला तवा दीड वर्ष झालं होतं. लेक कामाला, जावई सोमवारी जायचे ते शुक्रवारी यायचे. दिवसभर अपार्टमेंटात मी एकटी आणि एसीची घरघर. बाहेर पडावं तर अंगाला चिकटणारं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसत्या गाड्या.

समोरच्या दारात एक बाई राहायला आली. माझ्यापेक्षा वीतभर उंच, चाळिशीची, नवरा नाही. एका हॉटेलात चादरी धुवायचं काम करायची. मी भाकरी करायला बसले की दार उघडं ठेवायचे, कारण धूर झाला की छताची घंटी बोंबलते. एक दिवस ती वासानं सरळ आत आली. परातीतलं पीठ चिमटीत घेतलं आणि म्हणली, "दुरा!"

मी म्हणलं, "दुरा नाही बाई, ज्वारी."

ती डार्फरची. सुदान देशात आहे ते. तिकडं पण ज्वारी-बाजरीच खातात, पण घाटा करून. तिची भाषा अरबी, इंग्रजी जेमतेम. माझं इंग्रजी म्हणजे थँक्यू. पण बोलता बोलता शब्द सापडायला लागले. साबणाला ती साबून म्हणायची. खबर म्हणजे खबर. दुनिया म्हणजे दुनिया. मदत म्हणजे मदद. बाकीचं लेक इंग्रजीतून जुळवून द्यायची.

मला ती हाज्जा म्हणायची. लेक म्हणली, "हजला जाऊन आलेल्या म्हातारीला म्हणतात तसं."

"तिला सांग, मी तुळजापूरच्या पुढं कधी गेले नाही."

"आई, तू अमेरिकेला आलीस की!"

"ही काय यात्रा आहे का?"

ती लई हसली, आणि हाज्जाच म्हणत राहिली.

तिच्याकडं घरी फोन नव्हता. दर शुक्रवारी सकाळी सातला ती परदेशी फोन लावायचं कार्ड घेऊन आमच्याकडं यायची. तिकडं तवा दुपार असायची. तिची धाकटी बहीण गावाकडून चालत बाजाराला यायची. तिथल्या एका दुकानदाराकडं फोन होता. बहिणीला चार पोरं, नवरा आधीच मारलेला, आणि घरात आंधळी सासू. घोड्यावर, उंटावर माणसं यायची आणि गाव पेटवायची. आधी वरून विमान यायचं. शेजारची पाच गावं गेली होती. हिचं राहिलं होतं.

टीव्हीवर त्याच्या बातम्या असायच्या, पण थोड्याच. मी लेकीला विचारलं, "इतकं माहीत आहे तर कुणी जात का नाही?"

"इथलं सरकार ठरवतंय आई, याला जेनोसाइड म्हणायचं का नाही."

"म्हणजे काय?"

"एका जातीची माणसं ठरवून संपवायची."

"मग तेच तर चाललंय. ठरवायचं काय त्यात?"

"एकदा तसं म्हणलं की मग मदत करावी लागते, असा काहीतरी नियम आहे म्हणे. म्हणून जपून बोलतात."

हे मला बरोबर कळलं. बहात्तर साली आमच्याकडं असंच होतं. विहिरी आटल्या, जनावरं मेली, तरी साहेब लोक म्हणायचे टंचाई. दुष्काळ म्हणायला जीभ वळत नव्हती. कारण दुष्काळ म्हणलं की काम द्यावं लागतं, धान्य द्यावं लागतं. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणल्या, आता इथं मरण्यापेक्षा वाटेला लागू. त्या निघाल्या. त्यांचं धाकटं पोर वाटेत गेलं. मी निघाले नाही. माझ्याच्यानं निघणं झालं नाही, एवढंच. आणि दुष्काळ जाहीर झाला. पंधराव्या दिवशी मुकादम हजेरीचं पुस्तक घेऊन आला. जे गावात होते त्यांची नावं लागली. मी खडी फोडली, वाटपाची सुकडी आणली, मिलो म्हणतात ती लाल ज्वारी खाल्ली. माझी तिन्ही पोरं जगली. ती मिलो अमेरिकेतून आलेली होती. म्हणून मला या देशाचा भरवसा होता.

हे सगळं मी शेजारणीला सांगितलं होतं. एकदा नाही, तीन-चारदा. ती मान डोलवायची.

मग एक दिवस दुपारी ती धावत आली. टीव्हीवर सरकारातला एक मोठा साहेब बोलत होता आणि त्यानं तो शब्द म्हणला होता. लेक त्या दिवशी घरीच होती. "म्हणला आई, खरंच म्हणला," असं म्हणून तिनं शेजारणीला मिठी मारली. ती बाई रडत होती, हसत होती, टाळ्या पिटत होती. त्या गलक्यात पुढचं बोलणं कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी तिनं पातेलंभर घाटा करून आणला, वर भेंडीचं कालवण. आम्ही तिघी खाली फरशीवर बसून जेवलो. मी म्हणलं, "झालं. आता जाहीर झालं."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सातला फोन लागला. बहीण म्हणत होती, शनिवारी बायकापोरांची एक टोळी सरहद्दीकडं निघणार आहे, आठ-नऊ दिवसांची चाल आहे, मी जाऊ का? सासूला टाकून जावं लागंल. शेजारीण माझ्याकडं बघायला लागली.

मी लेकीला म्हणलं, "सांग तिला, जाऊ नको म्हणावं. आता यादी होईल, नावं लागतील. जो गावात नाही तो राहून जातो."

लेक म्हणली, "आई, तुला तिथलं काय माहीत? नको सांगू तू असलं काही."

"दुष्काळ मी काढलाय का तू?"

"हा दुष्काळ नाहीये गं."

"मरण तेच. सांग."

लेकीनं सांगितलं. शेजारणीनं तिकडं सांगितलं. मग तिनं फोन माझ्या कानाला लावला. मी काय बोलणार? मी म्हणलं, "मदद." तिकडून बारीक आवाज आला, "मदद?" मी म्हणलं, "हां हां, मदद." मागं एक पोरगं खोकत होतं.

ती थांबली.

पुढच्या शुक्रवारी फोन लागला, सगळं ठीक होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी लागला नाही. शेजारीण बोटं दाखवून विचारायची, "हाज्जा, किती दिवस?" म्हणजे तुमच्याकडं जाहीर झाल्यावर किती दिवसांनी आले. मी पंधरा दाखवले. पंधरा होऊन गेले तसं म्हणलं महिना. महिना झाला तसं म्हणलं, रस्ता लांबचा आहे. मी तिला मुदत वाढवून देत होते, जसं काही माझ्याच हातात होतं.

मग सरहद्दीपलीकडच्या छावणीतून तिच्या गावच्या एका माणसाचा फोन तिच्या कामाच्या ठिकाणी आला. शनिवारची टोळी पोचली होती. वाटेत एक म्हातारा गेला, बाकी सगळी पोचली. गाव मागून जळालं. विहिरीत मेलेली जनावरं टाकली होती. बहिणीचं आणि पोरांचं कुणाला माहीत नव्हतं. कुणी म्हणे डोंगराकडं पळाली, कुणी काहीच म्हणेना.

त्याच आठवड्यात लेकीनं कॉम्प्युटरवर त्या साहेबाचं बोलणं पहिल्यापासून वाचलं. वाचून कॉम्प्युटर बंद केला. मी विचारलं तवा म्हणली, "त्यात पुढं असं होतं आई, की हा शब्द वापरला म्हणून आपल्याला आता वेगळं काही करावं लागतं असं नाही."

"त्याच दिवशी म्हणला?"

"त्याच दिवशी. आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हाच."

मला भाकरी थापता येईना. आमच्याकडं जाहीर करून कुणी असं म्हणलं नव्हतं. मुकादम चोर होता, मिलोत किडे होते, पण आलं होतं. शब्द म्हणायचा आणि जागचं हलायचं नाही, असं पण असतं, हे मला वयाच्या सत्तरीला कळलं. आणि माझ्या न कळण्यावर चार पोरांची आई थांबली होती.

लेक म्हणली, "तिला आत्ता नको सांगूस. आधीच काय कमी आहे तिला?"

"रोज मला दिवस विचारते ती. मी काय दाखवू?"

शुक्रवारी ती आली. कार्ड हातात होतं. लेक कामाला गेलेली. मी तिचा हात धरला आणि म्हणलं, "मदद ला." ला म्हणजे नाही, हे मला तवर येत होतं. "मदद ला, बाई. मी चुकले."

मला वाटलं आता मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फोनपाशी गेली, कार्डावरचे आकडे दाबले, मग तिकडचा नंबर दाबला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणली, "हाज्जा. अमशी." दाराकडं हात करून पुन्हा म्हणली, "अमशी. तू." नीघ, असा त्याचा अर्थ. थांब मी म्हणले होते, नीघ पण मीच म्हणायचं होतं.

फोनमधी एक बाई अरबीत तेच तेच बोलत होती, सरकारी आवाजात. नंबर लागत नाही म्हणत असणार. मी तिच्यावर आवाज चढवला. म्हणलं, अमशी, बाई. पोरं घे आणि नीघ. सासूचा विचार करू नको, तुला कुणी नावं ठेवणार नाही. उजाडायची वाट बघू नको. कुणी येत नाहीये. मी सांगितलं ते ऐकू नको. अमशी, अमशी.

शेजारीण भिंतीला टेकून खाली बसली होती. तिनं फोन काढून घेतला नाही, म्हणून मी बोलत राहिले.

पुढच्या शुक्रवारी ती परत आली, सातलाच. मी हात पुसले आणि फोन घेतला.