रिकामी पाकिटं

माझ्या काकूला गप्प बसणं जमत नाही. आयुष्यभर ती नर्स होती. शुद्ध हरपलेल्या रोग्याची कूस बदलतानाही ती त्याला आमच्या घरची भांडणं रंगवून सांगायची. निवृत्तीनंतर तिच्या बडबडीने सगळ्यांचे कान किटले, म्हणून मी तिला आमच्या मदत केंद्रात आणून बसवलं.

घरात छळ होणाऱ्या बायका नाव न सांगता आम्हाला फोनवरून लिहितात. मजकूर कुलूपबंद असतो, वाटेत कुणालाच वाचता येत नाही. पण पाळत ठेवणाऱ्याला वाचायची गरजच काय? भांडण झाल्या झाल्या बायकोच्या फोनवरून काहीतरी गेलं, एवढं दिसलं तरी तो काय ते ओळखतो. म्हणून प्रत्येकीचा फोन आणि आमचं यंत्र दिवसभर ठरलेल्या ठेक्यात एकमेकांना एकाच आकाराची पाकिटं पाठवत राहतात. बहुतेक रिकामीच, पोचली की आपोआप पुसली जाणारी. खरा निरोप असला तर तो पुढच्या पाकिटात बसतो, आणि बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

एक बाई आमच्या यंत्राशी जोडली गेली होती, पण तिने अक्षरही लिहिलं नव्हतं. नवरा इंटरनेटच्या कंपनीत कामाला आहे आणि घरातल्या प्रत्येक फोनवर डोळा ठेवतो, एवढं तिच्या बहिणीने आम्हाला सांगितलं होतं. तिच्याकडून रिकामी पाकिटं तेवढी येत होती. आमचा जीव टांगणीला लागला होता.

आणि काकू त्या बाईला जाणाऱ्या पाकिटांत चक्क लिहीत होती! "जेवलीस का गं? – काकू." "आज फार उकडतंय. खिडकी उघडली तर कबूतर आत." मला कळलं तेव्हा माझा पारा चढला.

"अगं काकू, लिहिलेलं आपोआप पुसलं जात नाही! नवऱ्याने फोन हिसकावून पाहिला तर?"

"रिकामं पाठवायचं जिवावर येतं गं. तिकडे माणूस आहे ना?"

"माणूस आहे म्हणूनच सांगतेय!"

तिला पटलं, पण चेहरा एवढासा झाला. कीबोर्ड बाजूला सारून तिने विणकाम काढलं. त्या दिवशी केंद्रात इतकी शांतता होती की मलाच करमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ओतत होते, तेवढ्यात काकू ओरडली. त्या बाईच्या पाकिटात अक्षरं होती.

"काकू, काल काहीच लिहिलं नाहीत. तब्येत बरी आहे ना? मी वाचून लगेच पुसते, काळजी करू नका."

काकूचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? तिने भराभर उत्तर लिहिलं, पण यंत्र ठेका सोडून काही पाठवेना. "जा की मेल्या एकदाचा!" ती त्याच्यावर खेकसली. मग गेलं: "मी ठणठणीत आहे. तू कशी आहेस, बाळा?"

आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसून राहिलो. एक पाकीट आलं, रिकामं. पुढचंही रिकामंच. काकूने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

त्यानंतरच्या पाकिटात लिहिलं होतं: "बरी नाही. मला न्यायला याल?"