हिराईचे अकरा दिवस

"बाई, हिराई मरायला सहाच दिवस ऱ्हायलेत. तुमी कायतरी करा."

सकाळचे अकरा वाजले होते. दारात हेल्मेट हातात घेऊन भरत उभा होता. दहाएक वर्षांपूर्वी तो मंचरला माझ्या टायपिंग क्लासात होता. आता पारगावच्या साखर कारखान्यावर वजनकाट्याला आहे. तिथून मोटारसायकल हाणत तो पिंपळवंडीला आला होता.

"कोण हिराई?" मी चेहरा कोरा ठेवून विचारलं.

"बाई, आसं नका करू. दंडनायक तुमीच हाय. सगळ्या नोटिशीखाली 'पुन्हा सांगणार नाही' लिवता. क्लासात आमाला तेच म्हनायच्या. दोन वर्षं झाली वळखून, पन बोललो न्हाई कुनाला."

चोरी पकडली गेली होती. त्याला आत घेतलं आणि चहा ठेवला.

हिराई ही हाडामांसाची बाई नव्हे. ती एका ऑनलाइन गेममधली वैद्य आहे. आमच्या गेममध्ये चित्रं नाहीत, आवाज नाही, गोळीबार नाही. फक्त मजकूर. एक जुनी गढी आहे आणि तिच्या पायथ्याशी गाव. खेळणारा एक पात्र घेतो आणि ते पात्र काय करतंय, काय बोलतंय ते लिहितो. 'मी दार ढकलते. आत धूर आहे. कोण आहे रे?' मग आतला माणूस उत्तर लिहितो. तो नांदेडला बसलेला असेल, नाहीतर नाशिकला. सगळ्यांनी मिळून चालवलेली, कधीच न संपणारी गोष्ट म्हणा हवं तर.

पुण्यातली एक छोटी कंपनी हा गेम चालवते. माझा टायपिंग क्लास बंद पडला आणि पन्नाशीनंतर मी तिथे मॉडरेटर म्हणून लागले. मॉडरेटर म्हणजे गेममधला हवालदार. भांडणं सोडवायची, शिवीगाळ काढून टाकायची, नियम मोडणाऱ्याला बॅन करायचं, म्हणजे त्याचं खातं बंद करायचं. गेममध्ये माझं नाव दंडनायक. हे काम मी घरी बसून करते आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडतं. क्लासात कुणाची बोटं चुकीच्या किल्लीवर दिसली की माझी पट्टी आपोआप उचलली जायची. तोच स्वभाव.

हिराईविरुद्ध तीन खेळाडूंची तक्रार आली होती. हे पात्र एकच माणूस लिहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी लॉग काढला. कुठल्या खात्यात कोण, कधी, कुठल्या फोनवरून शिरलं याची नोंद म्हणजे लॉग. हिराईच्या खात्यात महिनाभरात चार वेगवेगळे फोन दिसले. आमचा नियम सरळ आहे, एक खातं, एक माणूस. उसन्या पासवर्डवर आत शिरून लोकांनी पूर्वी एकमेकांची पात्रं लुबाडली होती, म्हणून तो आला. मी बॅनचं बटण दाबलं. पाच मिनिटांचं काम.

दुसरा एक नियम आहे. पात्राने पंधरा दिवस काहीच लिहिलं नाही, तर ते मेलं. मेलेलं पात्र परत येत नाही. हा नियम मीच सुचवला होता. लोक गेममधल्या गावाची पाटीलकी अडवून ठेवायचे आणि महिनेन्‌महिने फिरकायचे नाहीत. खातं बॅन असलं तरी हे दिवस चालूच राहतात. हिराईचे नऊ संपले होते.

"मग तिने अपील करायचं," मी म्हणाले. "बॅन झालेल्यालाही तेवढी खिडकी उघडी असते."

"करंल कुठनं? हिराई लिवनारी सविता डिंभ्याच्या धरनापल्याड पान्याकडंच्या वाडीत ऱ्हाती. तिथं रेंज न्हाई आन् भातलावनी चालू हाय. खातं बंद झालंय ह्येच तिला ठावं न्हाई."

"आणि तू काय केलंस?"

"सहा येळा अपील केलं. सहाई येळा तुमी 'संबंधित नाही' म्हनून बंद केलं."

ते खरं होतं. दुसऱ्याच्या खात्याबद्दलचं अपील मी वाचतच नसे.

"पासवर्ड तुम्ही वाटून घेतलेत, हे कबूल?"

"कबूल. पन चोरी न्हाई बाई. पडकई हाय ती."

पडकई मला ऐकून माहीत होती. डोंगरपट्ट्यात लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात यायचं, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस. सविताने हीच पद्धत गेममध्ये आणली होती. चौघांची ओळख गेममध्येच झालेली, एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. गाळप सुरू झालं की भरतला जेवायला फुरसत नसते, तेव्हा त्याचा लोहार बाकीचे लिहायचे. लावणीत सविताची हिराई भरत आणि उरलेले दोघं चालवायचे. पंधरा दिवसांचा माझा नियम होता ना, त्यातून एकमेकांना जगवायची ही तजवीज.

मी लॉग पुन्हा काढला, या वेळी चारही खात्यांचा. मागच्या थंडीत भरतचा लोहार खरोखरच सविताच्या फोनवरून चालला होता. एक मोहोर, एक औषधाची पुडी इकडची तिकडे गेलेली नव्हती. नोंदणीच्या फॉर्मवर सविताचा मोबाइल नंबरही होता. तो बॅनच्या दिवशी मी लावला नव्हता. आता लावला तर अर्थातच लागला नाही. मला स्वतःचाच फार राग आला.

भरत मोटारसायकलवर नेतो म्हणाला, पण माझ्या कमरेने नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने नारायणगाव, एसटीने मंचर, मग घोडेगाव. डिंभ्याची गाडी येईल तेव्हा येईल, म्हणून घोडेगावच्या स्टँडवर दोन तास बसले. पुढे मासे पोचवून परतणाऱ्या एका पिकअपमध्ये जागा मिळाली. वास अजून त्या साडीला आहे.

वाडीत विचारत खाचरापर्यंत पोचले, तिथे आठ-नऊ बाया ओळीने वाकून रोप लावत होत्या. मी बांधावरूनच विचारलं, "सविता कोण?"

पंचविशीची एक पोरगी सरळ झाली.

"मी दंडनायक," मी म्हणाले.

"आगं बया! तुमी बाई हाय?" ती चिखलाचा हात तोंडावर नेऊन हसायला लागली. "आमाला वाटलं मिशावाला आसंल."

मी जे होतं ते सांगून टाकलं. खातं बंद, दहा दिवस झालेत, पाच उरलेत. तिचं हसू गेलं. ती बांधावर येऊन बसली आणि बराच वेळ पायाचा चिखल खरवडत राहिली.

"काकू, हितं मी कुनाची सून, कुनाची जाऊ. नावानं हाक कुनी मारीत न्हाई. तिथं नांदेडचा मास्तर 'हिराई, येऊ का आत?' आसं इचारून दार उघडतो. तीन वर्षं लागली मला हिराई व्हायला."

मी माफी मागितली. उभ्या आयुष्यात सवय नसल्याने ती फार कोरडी झाली.

"माफी घिऊन काय करू? खातं उघडंल का?"

"ते मॅडमच्या हातात आहे. मी भांडते."

"भांडा. पन उघडलं तरी माझी लावनी अजून धा-बारा दिस हाय. जितकं दिस तुमी बंद ठिवलं, तितकं दिस हिराई तुमी लिवायची."

"मी स्टाफ आहे गं. मला खेळता येत नाही."

"मंग फेडनार कसं?"

ओळीतल्या बायांचे हात थांबले होते. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे ही काही गंमत नव्हती. मी हो म्हणाले.

रेंज धरणाच्या भिंतीजवळ मिळाली. तिथून केतकी मॅडमना फोन लावला. त्या कंपनीच्या मालक, वय एकोणतीस, मला काकू म्हणतात.

"काकू, रूल्स तुम्हीच ड्राफ्ट केलेत. उद्या सगळेच म्हणतील, आमचीही पडकईच होती."

"म्हणू देत. दिवस परत केलेला लॉगमध्ये दिसला तर पडकई, नाहीतर चोरी."

"आणि तुम्ही प्लेअरच्या घरी गेलात? आपली पॉलिसी काय आहे?"

"मोडली. मला बॅन करा."

मॅडम म्हणाल्या, "आजचा दिवस द्या मला." दुसऱ्या दिवशी मेल आला. बॅन मागे. यापुढे खेळाडूने आपल्या सोबत्यांची नावं आधी कळवली, तर ते त्याचं पात्र लिहू शकतील. दंडनायकांना हिराई लिहायची खास परवानगी, एकदाच. खाली एक ओळ होती, 'भानगड झाली तर काकू जबाबदार.' बॅनच्या अकराव्या दिवशी मी खातं उघडलं, म्हणजे माझ्या अंगावर अकरा दिवस आले.

पहिलाच पेशंट म्हणजे दंडात बाण घुसलेला शिपाई. मी लिहिलं, 'जखम धुतली. पट्टी बांधली. तीन दिवसांनी ये.' शिपायाने लिहिलं, 'हिराई, आज रागावलीयेस का?' थोड्या वेळाने भरतचा मेसेज आला, "बाई, हिराई आदी पानी देती. मंग घरच्यांचं इचारती. जखम शेवटाला." चाळीस वर्षं टायपिंग करून मला लिहिता येत नव्हतं, हे असं कळलं.

हळूहळू जमायला लागलं. माझ्या सातव्या दिवशी नांदेडचे मास्तर आले. त्यांच्या पात्राने लिहिलं की आई दोन दिवस जेवत नाही, काही पाला देतेस का? चार-पाच ओळींनंतर माझ्या लक्षात आलं की हे गेममधल्या आईबद्दल नाही. नियमाप्रमाणे अशा वेळी मॉडरेटरने मदतीच्या पानाची लिंक पाठवायची असते. मी लिंक पाठवली, पण हिराईला उठवलं नाही. ती चुलीपाशी बसून राहिली. मास्तर लिहीत राहिले, ती 'हं' म्हणत राहिली. तासभर गेला. इतक्या वर्षांत मी गेममधल्या हजारो खोल्यांत शिरले होते, पण भांडण नसलेल्या खोलीत कधी थांबले नव्हते. त्या दुपारी माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही.

अकरा दिवस फिटले, पण बाराव्या दिवशी सविताला रेंजपर्यंत यायला जमलं नाही, म्हणून तो दिवसही मीच लिहिला. मग हिराई तिची तिला परत गेली.

गणपती झाल्यावर एका सकाळी सविता तीन गाड्या बदलून दारात हजर. हातात नाचणीची पिशवी.

"एक दिस तुमचा जास्तीचा झाला. फेडाया आले."

"अगं, राहू दे. एका दिवसाचं काय?"

"आसं न्हाई चालत काकू. काम सांगा."

त्या दिवशीच्या तक्रारी निकालात काढायला मी तिला शेजारी बसवलं. तक्रारी खेळाडूला दाखवायच्या नसतात. म्हणून मी नावं न घेता, ओळखू येईल ते गाळून, तेवढा मजकूर वाचून दाखवत गेले. पहिल्या तक्रारीत एकाने दुसऱ्याला शिव्या दिल्या होत्या. माझा हात बटणाकडे गेला.

"फोन लावला का त्याला?" तिने विचारलं.

लावला. घरी भाऊ आजारी होता, राग भलत्यावर निघाला होता, तो माफी लिहायला तयार झाला. दुसऱ्या तक्रारीलाही तिने तेच विचारलं. तिसरीला मी आपण होऊनच फोन उचलला. एकाने फोनवर अरेरावी केली, त्याला मी जुन्या क्लासातल्या आवाजात झापलं. सविता पदराआड हसत होती. संध्याकाळपर्यंत सतरा तक्रारी निकालात निघाल्या आणि ती शेवटची गाडी गाठायला गेली.

थोड्या वेळाने केतकी मॅडमचा मेसेज आला, 'काकू, आज एकही बॅन दिसत नाही. सिस्टिम बंद होती का?'

मी उत्तर पाठवलं, 'नाही. आज फोन लावत होते.'