आडव्या बाटल्या

माझ्या आईने मला परस्पर औषधाच्या कंपनीत नोकरीला लावून टाकलं होतं. प्रत्यक्षात मी पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत बियर बनवत होते. पण आमच्या गावात, म्हणजे गोंदियाकडच्या आमगावपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर, मी खोकल्याचं औषध बनवत होते. "पोरगी कंपनीत आहे, औषधाच्या," एवढं सांगून आई विषय बदलायची. मी फोनवर चिडले की तिचं उत्तर ठरलेलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुहं काय बिघडून राहिलं?"

बिघडत होतं ना! गोंदियाच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, वर्गात पहिली आले, पुण्यात एकटीने खोली घेऊन राहिले, पुरुषांच्या बरोबरीने जवाची पोती उचलली, आणि हे सगळं कशासाठी, तर गावी येऊन खोकल्याच्या बाटलीआड लपण्यासाठी? मी काय चोरी करत होते? डोक्यात तिडीक जायची.

आईची बाजूही सांगते, नाहीतर ती भलतीच भित्री वाटेल. ती भित्री नव्हतीच. मी बारावीत असताना गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला तिनेच बायका गोळा केल्या होत्या. बायकांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आई महिनाभर दारोदार फिरली, "आडवी करा बायांनो, आडवी करा." मतदानाला आल्या त्यांतल्या जवळपास सगळ्या जणींनी आडवीवर शिक्का मारला. पण नियम असा की यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी करायला हवी. आणि तो दिवस पडला ऐन धानकापणीत! अर्ध्या बायका धानाच्या बांध्यांत वाकलेल्या. दुकान राहिलं. बाबा त्याच दुकानात जात राहिले, आणि काही वर्षांनी पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेले.

अशा बाईची पोरगी मी. आणि त्या दिवाळीला मी पिशवीत चार बाटल्या घालून घरी आले.

ती माझी पहिली स्वतःची बियर होती. ब्राउन एल या प्रकारातली. भाजलेल्या जवाची, तपकिरी रंगाची. दुकानातली पिवळी बियर बर्फासारखी गार करून घशाखाली ढकलतात, तसं हिचं नाही. ही जरा कमी गार हवी, हळूहळू प्यायची, वास घेत घेत. मालक म्हणाले होते, "प्रवासात, उन्हात टिकते का बघ. तिकडेच चाखून ठरव आणि मला सांग, आपण विकायची की नाही." ते काम होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. मला आईकडून एकदा ऐकायचं होतं की माझ्या हातचं कसं झालंय. तिने प्यावी अशी अपेक्षा नव्हती, ती पंचशील पाळणारी बाई. नुसता वास घे, चांगलं की वाईट ते सांग, आणि जे आहे ते लोकांना सांग. एवढंच हवं होतं मला. एवढंसुद्धा जास्त होतं म्हणा.

या बियरची एक गंमत असते. बाटलीतसुद्धा यीस्ट जिवंत असतं आणि ते तळाशी बसतं. म्हणून बाटली उभी ठेवायची. आडवी केली की गाळ सगळीकडे पसरतो, मग रंगही कळत नाही आणि चवही धड लागत नाही. मी चारही बाटल्या धानाच्या ढोलीमागे, गार भिंतीशी, नीट उभ्या करून ठेवल्या आणि आईला बजावलं, "यांना हात लावू नको. दोन दिवस बसू दे."

आई चुलीकडे वळली. सकाळी मात्र वंदना म्हणताना चार शीलं नेहमीच्या आवाजात झाली आणि पाचव्या शीलाला, ते मद्याचं, तिचा आवाज असा चढला की शेजारच्या कोंबड्या फडफडल्या. मी चहा ओतून घेतला. म्हटलं, जाऊ दे.

दुपारी ढोलीमागे पाहते तर चारही बाटल्या आडव्या. एका ओळीत, शिस्तीत.

"आई! काऊन आडव्या केल्या?"

"फोडल्या त नाही ना. आडव्या केल्या."

"अगं पण गाळ..."

"त्या दिवशी शिक्का मी कायवर मारला होता?"

"आई, ते मतदान कधीच झालं!"

"माहं नाही झालं," आई म्हणाली आणि अंगण झाडायला निघून गेली.

मी बाटल्या उभ्या केल्या. संध्याकाळी पुन्हा आडव्या. मी पुन्हा उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहारात जाऊन आली, आणि पुन्हा आडव्या! सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, आणि आईशी बाटल्या उभ्या-आडव्या करण्याचा खेळ खेळत होते. पालथ्या घड्यावर पाणी. रडू यायच्या बेताला आले होते मी, रागाने.

त्यात मामा आला. गोंदियाला भाजीमंडीत गाडा लावणारा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा, पिण्याच्या बाबतीत गावात अधिकारी मानला जाणारा. आई घरी नव्हती. मला वाटलं, चला, याला तरी विचारावं. आयुष्यभर पीत आलाय, काही तरी सांगेल.

"बाई, ये तो नीचे माल बैठ गया है," असं म्हणत त्याने बाटली उचलली आणि मी 'अरे मामा' म्हणेपर्यंत खालीवर, खालीवर, खोकल्याच्या औषधासारखी खळखळ हलवली. आईची औषधाची कंपनी त्याच्या डोक्यात पक्की बसली होती, दुसरं काय! झाकण उघडलं आणि फेसाचा फवारा थेट आढ्याला. मामाचा दिवाळीचा नवा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत तपकिरी झाला. बाटलीत चार घोट उरले.

दुसरी मी स्वतः उघडली आणि त्याच्यासमोर हात जोडले. "मामा, हळू पी. आधी वास घे. मग एक घोट तोंडात फिरव. मग सांग, काय काय लागतं ते."

मामाने मीठ मागितलं. लिंबू मागितलं. मी दोन्ही दिलं नाही. मग त्याने डोळे मिटले, नाक चिमटीत धरलं आणि अख्खा ग्लास एका दमात खाली केला. नाक धरून! मी वास घे म्हणून ओरडतेय आणि हा नाक धरून पितोय.

"कशी आहे?"

"मस्त."

"मस्त म्हणजे कशी?"

"मस्त म्हणजे मस्त." त्याने स्वतःच्या आत काही होतंय का याचा अंदाज घेतला. "पन बाई, चढून काऊन नाही राहिली?"

"चढायसाठी नाहीये ती!"

"त मंग कायसाठी आहे?" मामाने अगदी मनापासून विचारलं. उत्तर होतं, पण ते ऐकायला तो थांबला नसता. शर्ट वाळत घालून, बाबांचा जुना सदरा अंगात घालून तो निघून गेला.

कपाळ माझं. तीन महिने मी त्या बियरमागे घालवले होते. जव किती भाजायचं, किती वेळ उकळायचं, कडूपणा कुठे थांबवायचा. एक घाणा करपला तेव्हा मी ब्रुअरीच्या मोरीत बसून रडले होते. आणि निकाल काय, तर 'मस्त' आणि 'चढत नाही'.

दोन बाटल्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर त्यांतली एक घेऊन मी अंगणात बसले. गाळ बसला नव्हताच, कसा बसेल? चहाच्या काचेच्या ग्लासात हळूच ओतली. आई पलीकडे सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

ग्लास उन्हात धरला. गढूळ होती, पण गढूळपणाच्या आत रंग बरोबर होता, लालसर तपकिरी, फुटाण्याच्या सालीसारखा. फेस बारीक, लगेच न विरणारा. वास घेतला. लोण्याचा वास आला तर समजायचं यीस्ट बिघडलं. ओल्या खोक्याचा आला तर समजायचं हवा लागली. दोन्ही नव्हते. भाजलेलं होतं, पाक चढायला लागतो तेव्हाचा गूळ होता, भाकरीच्या पापुद्र्याची करपट कड होती. प्रवासभर पिशवीत हेलकावे खाऊन, उन्हात तापून, आईने इतक्या वेळा लोळवूनही ती उभी होती. एक घोट घेतला. शेवटी कडू जरा जास्त रेंगाळत होतं, ते कमी करायला हवं होतं. बाकी, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण चांगली झाली होती. चांगली झाली होती आणि सांगायला कोणी नव्हतं. मी पुन्हा वास घेतला.

"कवाची वासच घेऊन राहिली," आई सुपामागून म्हणाली. "पेत काऊन नाहीस?"

"आधी वास घ्यायचा असतो. वासातच कळतं सगळं. हेच माझं काम आहे," मी तोडून बोलले.

"माहंही तेच होतं," आई म्हणाली.

मला एकदम कळलं ती काय म्हणतेय ते. बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा आई चुलीवरून उठून दाराशी जायची, पाण्याचा गडवा द्यायच्या निमित्ताने. तेवढ्या एका क्षणात तिला कळायचं, मोहफुलांची आहे की दुकानातली, आणि किती. मग ती आत येऊन एक तर आम्हा भावंडांना ताटं वाढायची, नाहीतर उपाशीच मागच्या दाराने काकूकडे पाठवायची. ती कधी चुकली नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया गडवा घेऊन दारात जातात.

आईने सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले आणि पुढे केले. मी ग्लास दिला.

तिने तो नाकाशी नेला. एकदा. मग डोळे मिटून पुन्हा एकदा, सावकाश. ब्रुअरीत पाहुणे येतात, ग्लास फिरवतात, मोठमोठे शब्द बोलतात; इतकं लक्ष देऊन वास घेताना मी त्यांच्यातल्या कोणाला पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना.

"सांग ना," मी म्हटलं.

आईने ग्लास माझ्या हातात ठेवला. "भात टाकायचा आहे," म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

"आई, बरं-वाईट काहीतरी सांग! वाईट आहे म्हण, घाण आहे म्हण!" मी अंगणातून ओरडले. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. मी उरलेली सगळी बियर जास्वंदीच्या बुडाशी ओतली. मालकांना फोनवर काय सांगायचं ते कळत होतं, पण फोन करायची इच्छाच मेली होती.

परतीच्या दिवशी आईने पिशवी भरली. तांदूळ, लाखोळीची डाळ, मुरमुऱ्याचे लाडू. सगळ्यात वर, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली शेवटची बाटली होती. आडवी. मी पिशवी बंद केली. भांडायचं त्राण राहिलं नव्हतं.

आमगावच्या फलाटावर तिच्या महिला मंडळातली एक काकू भेटली. मतदानाच्या वेळी आईबरोबर दारोदार फिरलेली. "जयभीम बाई," म्हणाली. "चालली का पोरगी? कोन्त्या कंपनीत आहे म्हणे?"

मी रुळांकडे बघायला लागले. औषधाच्या, असं आता आई म्हणणार, आणि मी पुण्यापर्यंत ते चघळत जाणार.

"बियरच्या," आई म्हणाली.

काकूचं तोंड उघडं राहिलं. "माय वो! दारूच्या? अन् तू..."

"हो. पोरगीच बनवते, हाताने." आईने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी वास घेतला. माहा नवरा प्याला त्यातली एकही अशी नव्हती. लई चांगली आहे."

काकू हसावं की काय करावं अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहायला लागली. मीही हसणारच होते. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते भर फलाटावर, चारचौघांत मिळालं होतं.

"खराब असती त कोनी पेली नसती, मले भेव नव्हता," आई म्हणाली, आणि गाडी दिसायच्या आधीच माझी पिशवी घेऊन पुढे चालायला लागली.