पाण्याबाहेर राहिलेले दोन ओंडके

मीनाक्षी वाळिंबेला बर्निस दिसली ती नंतर. आधी ऐकू आली. २००४ चा सप्टेंबर होता. उत्तर मिशिगनमधल्या एका कच्च्या रस्त्याने मीनाक्षी ॲशची झाडं तपासत चालली होती. दापोलीला कृषीची पदवी घेऊन ती कीटकशास्त्र शिकायला अमेरिकेत आली होती. दोन वर्षांपूर्वी डेट्रॉइटकडे एक परदेशी हिरवा भुंगा सापडला होता. त्याच्या अळ्या सालीखाली शिरून ॲशचं झाड उभं वाळवत. तो उत्तरेला पोचलाय का, हे बघण्याच्या सरकारी कामावर तिची नेमणूक होती. चालता चालता झाडीतून ठक् ठक् आवाज यायला लागला. एका लयीत, थांबायचं नाव नाही.

झाडीपलीकडे एका घराच्या अंगणात सत्तरीची ठेंगणी बाई आडव्या ओंडक्यावर कुऱ्हाडीची बोथट बाजू आपटत होती. बोटभरही जागा न सोडता ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग वाकून तिने नखाने लाकडाची कड उचलली आणि केळीचं सोपट सोलावं तशी एक लांबलचक पट्टी ओढून काढली. झाडाच्या एका वर्षाची वाढ म्हणजे एक पट्टी. अशा पट्ट्यांच्या ती टोपल्या विणत असे.

“काय हवंय?” तिने मान न वळवता विचारलं.

मीनाक्षीने नाव, गाव, काम सगळं सांगितलं.

“इंडिया?” आता बाईंनी वळून तिला नीट न्याहाळलं. “तुम्हाला शोधायला निघालेला माणूस पत्ता चुकून आमच्याकडे आला. पाचशे वर्षं झाली. तू आता त्याला परत न्यायला आलीस की काय?”

मीनाक्षीला हसू आवरेना. त्या दिवसापासून ती तिथे जात राहिली. गावात सगळे बर्निसला आंटी म्हणत, आणि मीनाक्षीला तर ती हाक घरचीच होती.

बर्निस ओडावा. या तळ्यांच्या प्रदेशातली ही जुनी जमात. तहाच्या कागदांवर त्यांना बरीच जमीन मिळाली होती. पुढच्या दोन पिढ्यांत ती या ना त्या वाटेने निसटली. बर्निसच्या घराण्याकडे उरली ती घरामागची दलदल, कुणाला नको होती म्हणून. त्या दलदलीत काळे ॲश वाढत, टोपल्यांच्या पट्ट्या निघतात ते. बर्निस सहा वर्षांची असताना तिला गोऱ्यांनी चालवलेल्या निवासी शाळेत घातलं. तिथे आपल्या भाषेतला शब्द तोंडातून गेला की हातावर पट्टी बसे. बाराव्या वर्षी ती घरी परतली तेव्हा आजी काय बोलते ते तिला कळेना. आजी रागावली नाही. तिने नातीला ओंडक्यासमोर बसवलं आणि हातात कुऱ्हाड दिली. पुढे शब्द गेले तसे थोडेथोडे परतही आले, पण पट्टी काढणं ती कधी विसरली नाही. तीस वर्षं तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, नवरा गेला, मूल झालं नाही. आता शनिवारी सहाजणी तिच्याकडे शिकायला येत. त्या भागात झाड निवडण्यापासून शिकवणारी ती एकटीच होती.

झाड निवडायचं म्हणजे वीस-तीस झाडांना हात लावून एक पाडायचं. पाडण्याआधी त्याच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची, का तोडतोय ते सांगायचं. पाडलेला ओंडका सालीसकट पाण्यात बुडवायचा, म्हणजे तो ओला राहतो आणि पट्टी सुटते.

२००५ च्या जूनमध्ये दलदलीच्या काठावरच्या एका झाडावर मीनाक्षीला एक भोक दिसलं. इंग्रजी डी अक्षरासारखं नेमकं, एक बाजू सपाट. शेजारच्या झाडावर चार. भुंगा साल पोखरून बाहेर पडल्याची ही खूण होती.

ती घरात आली तेव्हा बर्निसचा भाचा लिऑन चहा पीत बसला होता.

“आंटी, इथे बाहेरून कधी लाकूड आलं होतं का?”

बर्निसने विणकाम मांडीवर ठेवलं. “कशाला विचारतेस?”

मीनाक्षीने सांगितलं. भुंगा जिथे आला, तिथून अर्ध्या मैलातले सगळे ॲश तोडायचे असा नियम होता. कुठून आला ते कळलं नाही, तर त्या वर्तुळाचा मध्य ठरवण्यातच वर्ष जाईल, आणि तेवढ्यात तो उडून टेकडीपलीकडच्या दलदलीत पोचेल. ती दलदल दुसऱ्या ओडावा कुटुंबांची होती.

“तंबू ठोकायला येतात ना, त्यांनी जळण आणलं असेल,” लिऑन घाईने म्हणाला. “लिही की तसं. सगळेच आणतात.”

“लिऑन.”

“अगं आंटी, तू एक शब्द बोललीस तर तुझं एकही झाड राहणार नाही!”

“माझं राहणार नाही,” बर्निस म्हणाली. “पलीकडची राहतील.”

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात डेट्रॉइटकडे तिचा चुलतभाऊ वारला. तोही टोपल्या करायचा. त्याच्या बायकोने त्याचे सात ओंडके बर्निसला दिले. मेलेल्याच्या हातच्या लाकडाला नाही म्हणायची पद्धत नाही. तेव्हा भुंग्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. चार तास ट्रक चालवून तिने ते आणले. पाच पाण्यात गेले. दोन फार जड होते, आणि तिचा खुबा धरला होता. ते काठावरच राहिले, ताडपत्रीखाली.

“उद्या ढकलू, उद्या ढकलू, करत राहिले,” ती म्हणाली. “आजीने मला हे एवढंच शिकवलं होतं. पाण्यात घाल म्हणून.”

मीनाक्षीने अहवालाचा कागद भरला. ‘प्रादुर्भावाचा स्रोत’ या रकान्यात तिने बर्निसचं नाव लिहिलं. खाली सही केली.

जानेवारीत दलदल गोठली आणि माणसं करवती घेऊन आली. बर्निसच्या जमिनीवर एकशे तेरा ॲश निघाले. ती त्यांच्याआधी पोचली होती. प्रत्येक बुंध्याशी वाकून तंबाखू ठेवायची, काही पुटपुटायचं, मग पुढचं झाड. मुकादमाने करवती बंद करायला लावल्या आणि माणसं थंडीत पाय आपटत उभी राहिली. शंभरेक झाडांनंतर पिशवी रिकामी झाली. लिऑनने खिशातून सिगारेटी काढल्या, एकेक फोडून तिच्या तळहातावर तंबाखू ओतली. शेवटची दहा-बारा झाडं अशी झाली.

“एक ओंडका ठेवू दे,” तिने मुकादमाला विचारलं. “लगेच बुडवते.”

मीनाक्षीही त्याच्याशी भांडली. पाण्यात अळी जगणार नाही, असं तिला मनोमन वाटत होतं, पण कागदावर तसा पुरावा नव्हता. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने नकारार्थी मान हलवली आणि सगळं लाकूड यंत्रात घालून त्याचा भुगा केला.

पुढे मीनाक्षीने प्रबंधाचा विषयच तो घेतला. अठरा आठवडे पाण्यात ठेवलेल्या तिच्या ओंडक्यांतून एकही भुंगा बाहेर पडला नाही. तिने मोठ्या उमेदीने फोन केला.

“आजीला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं तिने,” बर्निस म्हणाली. मग तिने विचारलं, “हे आता त्या मुकादमाला कळवणार का?”



गावात सगळ्यांनी बर्निसला समजून घेतलं असं नाही. भुंगा हिनेच आणला, असं दुकानात उघड बोललं गेलं. शनिवारच्या सहाजणींपैकी दोघी येत राहिल्या; त्याही घरातल्या जुन्या पट्ट्या संपेपर्यंत. २००७ च्या उन्हाळ्यात टेकडीपलीकडच्या दलदलीत तीच डीसारखी भोकं दिसली. बहुधा जळणातून आली असावीत. नक्की कुणी सांगू शकलं नाही. तोवर तोडण्याचा नियमही सरकारने गुंडाळला होता. ती झाडं उभ्या उभ्या वाळली. ही बातमी सांगायला मीनाक्षी स्वतः गेली. बर्निसने ऐकून घेतलं, उठून चहा टाकला आणि दोन कप होईपर्यंत मागे वळली नाही.

बर्निस आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आठवड्यातले चार दिवस ती हमरस्त्यावरच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत टॉवेलांच्या घड्या घालते.