कपाटातलं कार्ड आणि चारठाण्याचा नवाब

मी आजवर कुठलीही वस्तू घरी विसरलेली नाही. विसरण्याचं खातं आमच्या घरात ह्यांच्याकडं आहे.

तालुक्याच्या कचेरीत बावीस वर्षं मी आवक-जावकचं टेबल सांभाळते. कागद आला की क्रमांक, गेला की क्रमांक. घरीही तीच शिस्त. लग्नाला जाताना यादी, दवाखान्यात जाताना यादी. ह्यांचं जिंतुरात बियाण्याचं दुकान आहे आणि स्वभाव अगदी शांत. एकदा ते मला बसस्थानकावर विसरून घरी गेले आणि चहासाठी मलाच हाका मारत बसले. तेव्हापासून प्रवासाच्या यादीत मी स्वतःचंही नाव लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पल्लवीनं पुण्याहून तिचा जुना कॅमेरा मला पाठवून दिला. "आई, आता तू तुझ्यासाठी काहीतरी कर," म्हणाली. म्हणून मी गावातल्या हौशी फोटोवाल्यांच्या गटात शिरले. आम्ही नऊ जण. दर रविवारी घरापासून तासाभराच्या आत असलेलं एखादं ठिकाण गाठायचं, हा नियम. पहिल्या रविवारी येलदरीला गेलो. मी धरणाचा फोटो काढला, तो इतका तिरका आला की सगळं पाणी हिंगोलीकडं सांडेल असं वाटत होतं. पण मी चिकाटीची बाई आहे. दिवाळीनंतर वाचनालयाच्या दालनात गटाचं प्रदर्शन ठरलं, प्रत्येकाचा एक फोटो. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की चारठाण्याचं जुनं देऊळ माझं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

झालं. दिवाळी सरताच्या रविवारी गटाला सोडून आम्ही दोघंच जायचं ठरलं; शनिवारी संध्याकाळी यादी झाली. तेवीस वस्तू. कॅमेरा, बॅटरी, छत्री, घडीचं स्टूल, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कांदा फोडायला काही नको कारण तो हे बुक्कीनं फोडतात (हीही नोंद यादीत होती), पाणी, टोपी, कपाटाची किल्ली वगैरे. रविवारी पहाटे ह्यांनी दारात उभं राहून विचारलं, "ते फोटो साठतात ते कार्ड घेतलंस ना?"

"माझी यादी तपासू नका," मी म्हणाले. "तुम्ही फक्त स्टूल घ्या."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते जन्मभर लक्षात ठेवावं लागणार आहे.

चारठाण्यात उतरलं की कुठल्या दगडाकडं बघावं कळत नाही. एखादी कोरीव शिळा कुणाच्या दाराची पायरी झालेली, दुसरीला म्हैस पाठ घासतेय. देवळाच्या खांबांवर सकाळचं ऊन आडवं पडलं होतं. मी ह्यांच्या हातात छत्री दिली, स्वतः स्टुलावर चढले आणि काम सुरू केलं. प्रत्येक फोटो काढला की क्षणभर पडद्यावर दिसायचा. कोपऱ्यात काहीतरी तांबडं लुकलुकायचं. मला वाटलं, कॅमेऱ्याला माझं काम पसंत पडतंय. बॅटरी वाचवायची म्हणून मी लगेच तो बंद करायची. तेवढ्यात ह्यांनी छत्री काखेत धरून खिशातला मोबाईल काढला. त्या मोबाईलची काच एका कोपऱ्यातून अशी तडकलेली की फोन आला तर अर्धंच नाव दिसतं.

"ठेवा तो आत," मी म्हणाले. "मोबाईलवर काढतात ते फोटो नसतात, पुरावे असतात."

त्यांनी ठेवला. संसारात ह्या गुणाला फार किंमत आहे.

दहाच्या सुमाराला देवळामागून मेंढरं आली आणि मेंढरांमागून एक बाई. साठीच्या पुढची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खांद्यावरची काठी जमिनीला टेकून ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

"काय काडायलाव, बाई?"

मी म्हणाले, देवळाचे फोटो.

"देऊळ कुटं जाईना. ते उद्याबी हाय." ती जवळ आली. "आमचं मालक उद्या निघायलेत. त्यांचा काडा की."

बाईचं नाव गयाबाई. दिवाळी झाली की तिचे मालक, म्हणजे नवरा, मेंढरं चारायला घेऊन बाहेर पडतात, ते मिरगालाच परत येतात. गयाबाई घरी नातवंडं आणि चार शेरडं सांभाळते. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण दोघांचा मिळून एकही फोटो नाही. आधारला दोघांचा वेगवेगळा काढला, आणि तोही असा की पोलिसांत द्यावा.

"आठ महिने तोंड दिसत न्हाई बगा त्यांचं," गयाबाई म्हणाली. "भांडायचं म्हनलं तरी समोर मानूस न्हाई."

मी तिला शब्द दिला. चौकटीत बसवून मोठा फोटो आणून देईन, भिंतीवर लावा आणि रोज भांडा.

गयाबाई घरी जाऊन नवं लुगडं नेसून आली. मारोतीमामा म्हणजे तिचे मालक तांबडा पटका बांधून आले, पण एकटे आले नाहीत. सोबत त्यांचा मेंढा होता. त्याचं नाव नवाब. शिंगं वळलेली, मान ताठ, चाल अशी की वाटेत कुणी मुजरा केला नाही म्हणून रुसलाय.

मामा म्हणाले, "ह्याला सोडून मी न्हाई."

आता अडचण वेगळीच. गयाबाई डावीकडच्या खांबाशी उभी राहिली आणि मामा उजवीकडच्या खांबाशी. मधून बैलगाडी गेली असती. मी म्हणाले जवळ या. मामांनी एक पाऊल टाकलं आणि गयाबाईनं एक पाऊल मागं घेतलं. गावातली पाचपन्नास माणसं बघत असताना नवऱ्याला खेटून उभं राहायचं म्हणजे काय! शेवटी मधे नवाबाला उभं केलं, दोघांनी त्याच्या एकेका शिंगाला हात लावला, आणि तेवढीच काय ती जवळीक झाली. मी तासभर राबले. मान वर, मान खाली, पटका सरळ, मेंढ्याचं तोंड इकडं. फोटो मोजले नाहीत, पण स्टुलाचा एक पाय तेवढ्यात वाकला.

काम संपल्यावर मामा घरी गेले, पटका उतरवून ठेवला आणि मेंढरांना पाण्यावर घेऊन गेले. गयाबाईनं मला घरी नेलं. पहिल्यांदा दारात आलेली सवाष्ण, तशी कशी पाठवणार? चहा झाला. मग तिनं पाटावर बसवून माझी ओटी भरली. नारळ, हिरवा खण आणि ओंजळ ओंजळ करत पदरात चांगली पायलीभर ज्वारी. मी पदराची गाठ सावरत उठले तेव्हा गयाबाई म्हणाली,

"आता जरा दावा की, बाई."

मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबलं. तिथं इंग्रजीत लिहून आलं की कार्ड नाही.

आणि मला कार्ड दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. शनिवारी रात्री मी ते कॅमेऱ्यातून काढलं, जुने फोटो पल्लवीनं घरी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर उतरवले, रिकामं कार्ड एका पाकिटात घातलं, पाकिटावर 'महत्त्वाचे, विसरू नये' असं लिहिलं, आणि हरवायला नको म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडंच होती. यादीतली दहावी वस्तू.

"उन्हात नीट दिसत नाही," मी म्हणाले. आम्ही उभे होतो घरात.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ह्यांच्याकडं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं. हे तसेच बाहेर पडले आणि वेशीजवळच्या मोबाईलच्या दुकानातून परत आले. तिथं कार्ड होतं, पण नखाएवढं. ते माझ्या कॅमेऱ्यात टाकणं म्हणजे कढईला वाटीचं झाकण. दुकानदार म्हणाला होता, जिंतूरला मिळेल. जिंतूरला तर ते माझ्या कपाटातही होतं!

परतीच्या बसला पाऊण तास उरला होता. मामा पहाटे निघणार होते. माझ्या पदरात पायलीभर ज्वारी होती आणि ती मला पोत्याएवढी जड लागत होती. ओटी घेऊन, चहा पिऊन, बसमध्ये बसून निघून जाता आलं असतं. नंतर निरोप पाठवता आला असता की फोटो खराब झाले. कचेरीत अशी उत्तरं मी रोज टाईप करते. पण गयाबाई कॅमेऱ्याच्या काळ्या पडद्याकडं वाकून बघत होती, स्वतःचं लुगडं नीट करत, जणू आत तिला कुणी बघतंय.

"गयाबाई," मी म्हणाले, "एकही फोटो आला नाही. फोटो ज्याच्यात साठतात ते मी घरी कुलपात ठेवून आलेय. चूक माझी."

तिनं कॅमेऱ्यावर बोटानं टकटक करून पाहिलं.

"मंजी सकाळधरनं तुमी रिकामा डेरा घुसळायलाव?"

"हो."

ती हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मंग तुमच्या मालकाच्या फोनात काडा की. त्याला बी हाच डोळा हाय नव्हं?"

हे माझ्याकडं बघून अगदी नम्रपणे म्हणाले, "पुरावा चालेल का?"

आम्ही पाणवठ्याकडं निघालो. पुढं गयाबाई, मागं ज्वारीचा पदर सावरत मी, त्यामागं वाकलेलं स्टूल घेऊन हे. बघतो तर मामा मेंढरं घेऊन पार पलीकडच्या माळाला लागलेले. ह्यांनी "अहो मामा" म्हणून दोन हाका मारल्या. बियाण्याच्या दुकानात बसून बसून माणसाचा आवाज गल्ल्याच्या पलीकडं जात नाही.

"तुम्ही हाक मारा," मी गयाबाईला म्हणाले. "नावानं मारा."

"नाव?" तिनं कानाला हात लावले. "आजवर घेतलं न्हाई. उखाण्यात घेतलं तेवढंच."

"मग आता उखाण्यात घ्या, पण मोठ्यानं घ्या. बस निघून जाईल."

गयाबाईनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. कमरेला पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आरोळी दिली:

"ए नवाबा!"

माळावर मेंढ्यानं मान वर केली. तो वळला. तो वळला म्हणून मेंढरं वळली. मेंढरं वळली म्हणून मामा शिव्या देत वळले. धुळीचा लोट उठला आणि तो लोट सरळ आमच्याकडं यायला लागला. मला वाटलं, नवाब मालकिणीकडं धावतोय. पण त्याला लांबूनच ज्वारीचा वास आला होता.

मला पळता आलं असतं. पण मी विचार केला की उंचावर चढावं, आणि स्टूल उघडून त्यावर चढले. त्याच स्टुलावर, त्याच वाकलेल्या पायावर. पुढची गोष्ट फार पटकन घडली. नवाबानं पदराला तोंड घातलं, स्टुलानं पाय सोडला, मी खाली बसले, ज्वारी माझ्या मांडीवर पसरली आणि साठ-सत्तर मेंढरांची पंगत माझ्यावर बसली. नारळ गडगडत पाण्यात गेला. एक मेंढी हिरवा खण चघळत होती.

"अगं, हल की बाजूला!" मामा ओरडत आले. त्यांनी नवाबाचं डावं शिंग धरलं, गयाबाईनं उजवं धरलं. दोघं खांद्याला खांदा लावून त्या मेंढ्याला ओढत होते. ती हसत होती आणि ते तिच्यावर खेकसत होते, "ओड नीट! हसायली काय!" आणि खेकसता खेकसता तेही हसले.

ह्यांनी मला उचलायला हात पुढं केला असेल असं तुम्हाला वाटलं असेल. त्यांनी फोटो काढला.

बस मिळाली. घरी येईपर्यंत मी केसांतली ज्वारी वेचत होते. रात्री कपाट उघडून कार्ड पाहिलं. अगदी सुरक्षित होतं.

प्रदर्शनात देवळाची जागा रिकामी ठेवता येत नव्हती, म्हणून मी ह्यांचाच फोटो मोठा करून लावला. खाली नावही ह्यांचंच टाकलं. (नोंद ती नोंद.) वाचनालयात लोक त्या फोटोसमोरून हलत नव्हते. धुळीत सोनेरी ऊन, मागं लांब देवळाचा कळस, मधे मेंढ्याला ओढणारी ती दोघं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकमेकांना खेटून. आणि तळाशी मेंढरांच्या लोकरीतून वर आलेलं माझं तोंड आणि एक हात, त्या हातात कॅमेरा. एकानं ह्यांना विचारलं, खाली ह्या कोण? हे म्हणाले, "त्यांच्यामुळंच फोटो निघाला."

पुढच्या रविवारी चौकटीतला फोटो घेऊन आम्ही चारठाण्याला गेलो. गयाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ बघितला, मामांच्या हसऱ्या तोंडावरून बोट फिरवलं. मग दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकायला लावला. मी म्हणाले, खालची मी कापून टाकते, तुम्ही दोघंच ठेवू.

"असू द्या," ती म्हणाली. "वटी भरलेली बाई हाय. भिंतीवर चांगली."

परवा तिचा फोन आला होता. फोटोशी रोज भांडण चालू आहे आणि रोज तीच जिंकते. मिरगाला मामा आले की पुन्हा या म्हणाली, आता नातवंडांसकट सगळ्यांचा काढायचा आहे.

मी आता शहाणी झालेय. यादीत पहिल्या क्रमांकावर कार्ड असतं. दुसऱ्या क्रमांकावर ह्यांचा मोबाईल, तिसऱ्यावर हे. गेल्या रविवारी नेमगिरीला गेलो तेव्हा तिन्ही वस्तू सोबत होत्या, दोनदा तपासून खुणा केलेल्या. कॅमेरा तेवढा घरी राहिला.